बोटी नाहीत, चिखल आहे

चेन्नईबाहेरच्या आमच्या ओरगडमच्या वसाहतीत एक तळं आहे असं मी सांगितलं की शहरातली, मांबलममधली मराठी मंडळी लगेच विचारतात, "पोहायला येतं का?" पोहायला कुठलं येतंय! अर्ध्या एकराचं, कमरेइतक्या पाण्याचं तळं ते. मोठी परातच म्हणा ना. कंपनीने वसाहत बांधताना भरावासाठी माती खणली, त्याचा खड्डा उरला. कुणा शहाण्या माणसाने त्या खड्ड्याच्या तळाला चिकणमाती घातली, पाणी सोडलं, कडेने कट्टा बांधला आणि हंसाच्या तोंडाच्या, पायाने चालवायच्या सहा बोटी आणून टाकल्या. झालं तळं.

पण हसणाऱ्यांनी ओरगडममध्ये एक रविवार काढून दाखवावा. इकडे गाड्यांचे कारखाने, तिकडे ट्रकचे कारखाने, आणि मध्ये त्यांना सुटे भाग पुरवणारे आमच्यासारखे कारखाने. समुद्राची हवा खायची तर बस बदलत बदलत चेन्नईजवळचं कोवलम गाठायचं, आणि परतताना उभ्याने यायचं. म्हणून चारशे घरांची आमची वसाहत रविवारी संध्याकाळी या परातीभोवती गोळा व्हायची.

कागदोपत्री तळं कंपनीचं होतं. खरी मालकीण गोदाअक्का.

गोदाअक्का म्हणजे बोटींची तिकिटं देणारी, बोटी धक्क्यावरून ढकलणारी आणि वेळ संपली की शिट्टी मारून परत बोलावणारी बाई. पन्नाशी उलटलेली, ठेंगणी, केसांत कायम मोगऱ्याचा गजरा, आणि आवाज असा की पलीकडच्या काठावरचा माणूस दचकावा. मूळची तंजावरकडची. घराणं तीनशे वर्षांपूर्वी तिकडे गेलेलं, घरात बोली मराठीच. वडील गावच्या शाळेत मास्तर आणि थोडी भातशेती. नवरा सुब्बाराव आमच्या कंपनीच्या स्टोअरमध्ये कारकून होता. तो गेल्यावर कंपनीने हिला नोकरी दिली ती कँटीनमध्ये कुपनं फाडायची. हिने साहेबांकडे जाऊन तळं मागून घेतलं.

माझी तिची पहिली भेट अजून आठवते. मी भोरचा, नवा इंजिनियर, नवी बायको सावनी. आम्हाला मराठीत बोलताना ऐकून ही म्हणाली, "काय रे, तूं मराठी आ? कुठल्या गांवचा?" प्रश्नाला जोडलेला तो तमिळ 'आ' ऐकून मला हसू फुटलं. अक्काने मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "तूं बोलतोस तेंही मराठीच आ?" सावनी पोट धरून हसली. त्या दिवसापासून दोघींची गट्टी जमली आणि मी दोघींच्या थट्टेचा विषय झालो.

पाण्याला भिणाऱ्यांना बोटीत बसवणं ही अक्काची खासियत. दम देणं नाही, लाडीगोडी नाही. समोरचा थरथरत उभा असला की ती एकच सांगायची, "कमरेइतकेंच पाणी आहे. बुडालास तर उभा राहा. पुरे." मोठमोठे लोक हे ऐकून मुकाट बोटीत बसायचे. आमचे जनरल मॅनेजर पद्मनाभन, त्यांची पंचाहत्तरीची आई त्रिपुरसुंदरी अम्मा तर दर रविवारी ठरलेल्या तीन नंबरच्या हंसात बसून दोन फेऱ्या मारायची.

आता माझा पराक्रम.

दोन हजार पाच साली मी वसाहतीच्या कल्याण समितीचा सचिव झालो. तेव्हा आमच्या कारखान्यात स्वच्छतेचं भलतंच वारं शिरलं होतं. प्रत्येक पान्याला चौकट, प्रत्येक चौकटीला लेबल. मी तर घरच्या फडताळात डब्यांवर लेबलं चिकटवली होती. जपानहून आलेले एक पाहुणे धक्क्यावरून घसरले, त्यांचे पांढरेशुभ्र बूट घोट्यापर्यंत काळ्या चिखलात बुडाले, आणि मला साक्षात्कार झाला. तळ्याचा तळ घाण आहे. काढा!

मे महिन्यात पाणी आटलं तसा मी जेसीबी बोलावला. अक्का पदर खोचून त्याच्यापुढे उभी राहिली.

"पुष्करा, तो मळ नव्हें रे. तें तळ्याचें कातडें आहे. कातडें कुणी काढतें आ?"

मी काय म्हणालो ते लिहायला आजही लाज वाटते. ड्रायव्हर, माळी, सगळ्यांच्या देखत मी म्हणालो, "अक्का, हे इंजिनियरचं काम आहे. तुम्ही तिकिटं फाडा."

ती बाजूला झाली.  शंभरेक ट्रॉल्या काळी चिकणमाती निघाली, ती बोटींच्या शेडमागे टाकली. खाली मी पांढरी वाळू अंथरली, आधीचा फोटो आणि नंतरचा फोटो शेजारी शेजारी लावून साहेबांना दाखवला, आणि बक्षीस म्हणून भिंतीवरचं घड्याळ मिळवलं. सावनीने ते घड्याळ लावू दिलं नाही. "अक्काची माफी माग, मग लाव," म्हणाली. मी कसली माफी मागतोय!

ऑक्टोबरात पाऊस आला. त्या वर्षीचा चेन्नईचा पाऊस ज्यांनी पाहिला त्यांना वेगळं सांगायला नको. रस्त्यांवर होड्या, तळमजल्यांत पाणी, शाळांना सुट्ट्या. आमचं तळं एका रात्रीत काठोकाठ भरलं आणि मी छाती काढून फिरलो. पाचव्या दिवशी पाणी गुडघ्यावर. आठव्या दिवशी वाळू. पुन्हा पाऊस, पुन्हा भरलं, पुन्हा रिकामं. अख्खं शहर पाण्याखाली आणि आमचे सहा हंस वाळूवर कलंडून पडलेले! आमची जमीन उंचावरची, खाली नुसता मुरूम. पाणी सरळ झिरपून उताराला लागत होतं. कँटीनमध्ये मला बघितलं की कुणीतरी चहाची गाळणी वर करून दाखवायचं.

डिसेंबरच्या सुरुवातीला पद्मनाभनसाहेबांनी बोलावलं. माणूस सज्जन, पण हिशेबी. ते म्हणाले, "पुष्कर, गाड्या ठेवायला जागा नाही, आणि आपल्याकडे एक कोरडा खड्डा आहे. काणुम पोंगल होऊ दे, दुसऱ्या दिवशी भराव टाकून डांबर घालू. गोदाबाईंना कँटीनमध्ये जागा आहेच."

काणुम पोंगल म्हणजे आपल्या संक्रांतीच्या सुमारास येणाऱ्या पोंगलचा शेवटचा दिवस. त्या दिवशी इथली माणसं चिंचभात, दहीभात बांधून घेऊन घराबाहेर पडतात, नातलगांना भेटतात, पाण्याकाठी बसतात. आमच्या तळ्याचा वर्षातला सगळ्यात मोठा दिवस तो. त्या दिवशी रिकामा खड्डा दाखवायचा आणि दुसऱ्या दिवशी बुजवायचा!

मी तडक धक्क्यावर गेलो. अक्का वाळूकडे बघत बसली होती. मी शेजारी बसलो आणि सगळं सांगून टाकलं, डांबर, कँटीन, सगळं. मग म्हणालो, "अक्का, माझं चुकलं. त्या दिवशी चारचौघांत तुम्हाला बोललो तेही चुकलं."

तिने पदराने डोळे टिपले. कँटीनचं तिला काही वाटत नव्हतं, हे मला दिसत होतं. "सुब्बाराव गेले तेव्हां याच पाण्याकडे बघत दिवस काढले रे," एवढंच म्हणाली. मग माझ्याकडे वळली.

"बुडालास आ?"

"बुडालो, अक्का."

"मग उभा राहा."

आणि माझं मनगट धरून ती मला बोटींच्या शेडमागे घेऊन गेली. तिथे भोपळ्याचा वेल असा माजला होता की जमीन दिसत नव्हती. दोन्ही हातांच्या घेराएवढे लाल भोपळे. वसाहतीतल्या निम्म्या घरांत त्या मोसमात अक्काचा भोपळा शिजला होता, माझ्याही. पण त्या वेलाखाली काय आहे, हे मी तरी पार विसरून गेलो होतो.

"माळी माती न्यायला आला. कंत्राटदार न्यायला आला. मी म्हटलें, भोपळे आहेत, हात लावूं नका. भोपळा खायला सगळे तयार, मग वेल कोण उपटील? एक टोपलें माती कुठें जाऊं दिली नाहीं."

शंभर ट्रॉल्या चिकणमाती, सात महिने, भोपळ्यांच्या पहाऱ्यात! मी तिला वाकून नमस्कार केला. ती म्हणाली, "नमस्कार नंतर. नुसती माती घालून पाणी राहत नाहीं. ती तुडवावी लागते. आमच्या वडलांच्या शेतांत लावणीच्या आधीं म्हशी घालून चिखल करीत. मग वर पाणी उभें राही. तुमच्यांत काय म्हणतात त्यास?"

"चिखलणी," मी म्हणालो. भोरला आजोबांच्या भातखाचरात मी लहानपणी दरवर्षी चिखलणी बघितली होती. खाचराचं पाणी खाली का जात नाही हे मला आठव्या वर्षी माहीत होतं. इंजिनियर झाल्यावर विसरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का दोन कुंड्या घेऊन पद्मनाभनसाहेबांच्या केबिनमध्ये शिरली. दोन्ही कुंड्यांच्या बुडाला भोक. दोन्हींत तीच काळी माती; एकीत नुसती थापलेली, दुसरीत पायांनी मळून घातलेली. आदल्या संध्याकाळी दोन्ही पाण्याने भरलेल्या. पहिली रिकामी झाली होती. दुसरीत पाणी काठाशी उभं होतं. साहेबांनी कुंडी उचलली, खालून भोकाकडे बघितलं, बोट लावून बघितलं. बोट कोरडं.

"एकदाच," ते म्हणाले. "कारखान्याच्या छपरांवरचं पावसाचं पाणी आपल्या टाक्यात साठलंय, त्यातून एकदाच तळं भरून देईन. ते पाणी काणुम पोंगलपर्यंत टिकलं तर तळं तुमचं. गेलं तर डांबर."

अक्काला एवढंच हवं होतं. अडचण म्हशींची निघाली. शेजारच्या गावातला गवळी पंधरा म्हशी द्यायला तयार होता, पण फाटकावरच्या सुरक्षा अधिकाऱ्याने नियमांचं पुस्तक काढलं. वसाहतीत जनावरांना मनाई. मी त्याच्याशी तास-दीड तास भांडलो. शेवटी तो म्हणाला, "प्रत्येक म्हशीचं ओळखपत्र आणा." मी हात टेकले. रोलर आणावा तर ओल्या मातीत रुतून बसणार.

अक्का शांतपणे म्हणाली, "म्हशीस चार पाय. वसाहतींत पाय किती आहेत?"

त्याच संध्याकाळी फाटकाशी फळा लागला. अक्काला मराठी लिहिता येत नाही, तिने तमिळमध्ये लिहिलं; खाली मी मराठी ओळ घातली, सावनीने इंग्रजी. "रविवारी बोटी नाहीत. चिखल आहे. सर्वांनी यावे. तिकीट नाही."

आधीचे आठ दिवस माळ्यांनी आणि मी मिळून माझी ती बक्षीसपात्र वाळू उपसली. घमेली मी स्वतः वाहिली. अक्काची तशी अटच होती. मग वेल निघाले, ट्रॅक्टरने माती पसरली, नळ्यांनी पाणी मारलं. रविवारी सकाळी तळ्याचा तळ म्हणजे काळं, चकाकणारं, वीतभर खोल आंबील झालं होतं.

लोक आले. दोनशे तरी असतील. आणि सगळेच्या सगळे कट्ट्यावर उभे! पांढरे बूट, इस्त्रीच्या पँटी, हातात कॅमेरे. अक्का एकटी आत उतरली होती, साडी गुडघ्यापर्यंत खोचून. "वांगो, वांगो, या रे सगळे," हाका मारत होती. मी उतरलो, सावनी उतरली. तिघं जण अर्धा एकर तुडवायला! पाच मिनिटं गेली, दहा गेली. कुणी हसलं, कुणी फोटो काढला, मागचे दोघं-तिघं घराकडे वळले. माझं डोकं असं तापलं की मी कट्ट्यावरच्यांना दोन शब्द सुनावणार होतो.

तेवढ्यात कट्ट्यावर त्रिपुरसुंदरी अम्मा पुढे आली. तिने चपला काढल्या, मुलाच्या हातात दिल्या. पद्मनाभनसाहेब जनरल मॅनेजर होते खरे, पण आईच्या चपला हातात आल्यावर काय करणार? ती तमिळमध्ये म्हणाली, "लग्न होईपर्यंत दरवर्षी भातशेतात उतरत होते मी अशा चिखलात. बाजूला हो." आणि गोदाअक्काचा हात धरून ती उतरली. घोट्यापर्यंत आत गेली, डोळे मिटले आणि खदखदून हसली. दोघी म्हाताऱ्या हातात हात घालून पाय आपटायला लागल्या.

मग काय विचारता! आधी पोरं उड्या मारून आली, पोरांना ओढायला आया आल्या, आयांना हसायला आलेले बाप घसरून आत पडले. हिशेब खात्याचे लोक, पेंटशॉपचे लोक, पुण्याचे, सेलमचे, गुम्मिडिपूंडीहून बदलून आलेले. अक्का मध्ये उभी राहून शिट्टी मारायची. एका शिट्टीला सगळे उत्तरेकडे, दोन शिट्ट्यांना दक्षिणेकडे. टाचेने दाबा, फिरवा, पुढे सरका. कुणीतरी नागस्वराची कॅसेट लावली आणि तो सगळा चिखल वरातीसारखा नाचायला लागला. फाटकावरचा नियमवाला सुरक्षा अधिकारी दुपारी गणवेशाची पँट दुमडून आला. मी त्याला विचारलं, "ओळखपत्र?" त्याने मूठभर चिखल माझ्या तोंडाला फासला.

सावनीचं एक पैंजण त्या दिवशी चिखलात गेलं. शोधायला चारजण वाकले, तर हीच ओरडली, "उकरू नका, भोक पडेल!" त्या वेळी मला माझ्या बायकोचा असा अभिमान वाटला म्हणून सांगू!

दोन रविवार तुडवणी चालली. दुसऱ्या रविवारी तर शेजारच्या कारखान्यांतूनही माणसं आली. अक्काने सगळ्या तळातून अनवाणी फिरून, जिथे पाय कमी रुततो तिथे काठ्या रोवल्या आणि त्या जागा पुन्हा तुडवून घेतल्या. नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात पंप सुरू झाला. दोन दिवसांत तळं भरलं. अक्काने धक्क्याच्या पायरीवर पाण्याच्या रेषेला कुंकवाचं बोट लावलं.

पहिल्या सकाळी पाणी त्या बोटाखाली दोन अंगुळं.  दुसऱ्या सकाळी आणखी एक अंगुळ. मी कामावर गेलो, पण लक्ष कशात लागेना. एका मशीनवर चुकीचं लेबल लावलं, आयुष्यात पहिल्यांदा. अक्का मात्र निवांत. "माती पाणी पीत आहे. पिऊं दे की." तिसऱ्या सकाळी मी पायरीवर अक्षरशः पालथा पडून बघितलं. अर्धं अंगुळ. चौथ्या दिवशी पाण्याची रेघ हलली नाही. पाचव्या दिवशी नाही. सहाव्या दिवशी मी धक्क्यावर एकटाच नाचलो आणि अक्काने शिट्टी मारून मला खाली बसवलं.

काणुम पोंगलला नऊ वाजल्यापासून रांग लागली. चिंचभाताचे डबे, उसाची कांडकी, मोगऱ्याचे गजरे, आणि सहाही हंस पाण्यावर. कमरेइतकं पाणी, पण निळं आभाळ सगळं मावलं होतं त्यात. पद्मनाभनसाहेब अकराला आले. त्यांनी पायरीवरची कुंकवाची रेघ बघितली, पाणी बघितलं, तीन नंबरच्या हंसात पाय हलवत बसलेली आपली आई बघितली, आणि मोठ्याने म्हणाले, "गाड्या कँटीनच्या मागे उभ्या राहतील. तळं राहील." जो काय जल्लोष झाला! मी सगळ्यात मोठ्याने ओरडलो.

तेव्हा सावनीने विचारलं, "अक्का, तुम्ही कधी बसलात हो बोटीत?" अक्का गजरा सारखा करायला लागली. इतकी वर्षं हजारो माणसांना तिने ढकललं, पण बोटीत बसली नव्हती. का, तर काठावर शिट्टी कोण मारणार? शिट्टी सावनीने घेतली. अक्का थोडी घाबरली होती; बोटीची कड दोन्ही हातांनी धरून बसली. मी म्हणालो, "कमरेइतकंच आहे. बुडालात तर उभ्या राहा."

"पुरे, पुरे. पाय हलव," ती म्हणाली.

मी हंस मधोमध नेला. काठावरून टाळ्या पडत होत्या. अक्काने बोटीतला ढकलायचा बांबू उचलला, सरळ पाण्यात घातला, तळाशी टेकवून फिरवला आणि वर काढला. टोकाला काळा, चिकट, वास येणारा गोळा. तिने तो हुंगला, बोटावर घेतला, आणि माझ्या पोंगलच्या कोऱ्या पांढऱ्या शर्टाच्या बाहीवर चांगला लांबलचक ओढला.

"आतां कर साफ," ती म्हणाली, आणि सगळ्या तळ्याला ऐकू जाईल अशी हसली.

तो डाग निघाला नाही. सावनीने दोनदा घासून बघितला. तिसऱ्यांदा मी तिच्या हातातून शर्ट काढून घेतला आणि डागासकट फडताळात ठेवला.